वहीतलं सातवं नाव

नुकुमोआ बेट,
गुरुवार, १७ ऑगस्ट १९११, सकाळ

प्रिय मालाकी,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझ्या आईची कंबर आता बरी असेल, आणि शेवटच्या वर्षाचा अभ्यास तुला झोप येऊ देत असेल अशी आशा करतो.

माझं सगळं ज्या क्षणी फिरलं तो क्षण आधीच सांगून टाकतो. नाहीतर चार पानं मी वाऱ्या-मासळीवर खरडेन आणि जहाज निघून जाईल. जुलैच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाआधी, शिस्तभंग करणाऱ्यांची नावं मी मंडळीपुढे वहीतून वाचली. सातवं नाव वाचलं आणि ते लुपेचं होतं. तुझ्या बहिणीचं. माझ्या बायकोचं.

आता हे वाचून तू उठून उभा राहिला असशील. बस. पुढचं बसून वाच.

यंदा वारा उलटा आहे. मासे दूर गेलेत. दलदलीच्या खड्ड्यांतले अळूचे कंद खारं पाणी शिरल्यामुळे सडले, म्हणून चार महिने नारळ आणि सुक्या मासळीचे तुकडे यावरच बेट चाललंय. तरी आमच्या घरी रोज ताट येतं. पाळी ठरलेली असते. एक घर आज, दुसरं उद्या. स्वतःच्या पोरांना अर्धपोटी ठेवून मास्तरला आणून देतात. इथे मला सगळे मास्तर म्हणतात, रविवारी प्रवचन करणाराही मीच आणि सोमवारी पोरांना अक्षरं शिकवणाराही मीच. लुपे मास्तरीणबाई.

दोन वर्षं तू मला एक ओळ लिहिली नाहीस. त्याचा राग नाही. तू शेवटचं बोललास तेही मला पाठ आहे. मिशन कॉलेजच्या विहिरीपाशी तू म्हणालास, "ओपेताया, तुला बेट नकोय, तुला बायको हवीय." मी तुझी कॉलर धरली होती. खरं बोललास म्हणूनच धरली.

तुला माहीतच आहे सगळं. इथला आधीचा मास्तर तापाने गेला. मिशनला लगेच जोडपं हवं होतं, एकटा माणूस चालत नाही. दुसरं वर्ष अर्ध्यावर होतं. दोन वर्षं थांबलो असतो तर लुपेला तुमच्या काकांनी त्या बोटवाल्याच्या घरी दिली असती. मी हात वर केला. महिन्याच्या आत लग्न, महिन्याच्या आत बोट. सगळ्या कॉलेजला वाटलं, काय हा त्याग. मला तर रात्री हसू येत होतं इतका मी खूश होतो.

लुपे मात्र खरंच कामाला आली होती. पेटीत पाट्या घेऊन, सुया-दोरे घेऊन, स्तोत्रांची वही घेऊन. हे मला इथे आल्यावर कळलं. मी तिच्यासाठी आलो आणि ती कामासाठी आली, आणि आमचं दोघांचं वागणं बेटावरचे लोक ठरवणार होते.

इथली रीत अशी. सभाघरात आम्हा दोघांची चटई वेगळी, वरच्या बाजूला. आधी आम्ही जेवायचं, सगळं गाव समोर बसून बघणार. आमचं झालं की मग ते जेवणार. आमच्याबरोबर कोणी घास खाणार नाही, तो आमचा अपमान. लुपे कोणाच्या घरी सहज म्हणून जाऊ शकत नाही, गेली की घरातली बाई उठून चटया झटकते, पोरांना बाहेर काढते आणि स्वतः दारात मान खाली घालून उभी राहते. पहिल्या वर्षी तिने मागणी केली की मला अळूचा एक खड्डा द्या, मी बायकांबरोबर खणीन. वडील मंडळी रात्रभर बसली. मास्तरीणबाईंनी चिखलात उतरायचं म्हणजे आम्ही त्यांना उपाशी ठेवतो असं होईल. मी त्यांची बाजू घेतली. मला वाटलं मान राखला. लुपेने खुरपं छपराखाली खोचून ठेवलं, ते गंजलं.

मग मी काय करायचो, तर तिच्याकडे बघत बसायचो. खरं सांगतो. प्रवचन लिहितानाही बघायचो. तिने पाणी आणलं की मी उठून घागर घ्यायचो, ती अंगण झाडायला लागली की मी झाडू घ्यायचो. एकदा दुपारी ती चटई विणत होती आणि मी समोर. ती मान वर न करता म्हणाली, "जरा दुसरीकडे बघशील का? मला घाम येतो." मी चिडलो. काय काय बोललो. की तुझ्यासाठी कॉलेज सोडलं, की तुझ्यासाठी या वाळूच्या पट्टीवर येऊन पडलो. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं का सोड म्हणून? तिथे सगळ्यांना सांगितलंस देवासाठी सोडलं. इथे मला सांगतोस माझ्यासाठी. एकदा काय ते ठरव."

त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं. दिवस निघतात रे. मीठ दे, दिवा लाव, ताट कोणाकडून आलं. आपल्या उपोलू बेटावर निदान डोंगर आहेत, भांडून माणूस डोंगर चढून जातो. इथे एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. चिडून कुठे जायचं म्हटलं तर सगळं बेट बघतं मास्तर चिडून कुठे चाललेत.

आता त्या नावाकडे येतो. मघापासून टाळतोय.

मिशनचं जहाज येणार म्हणून गावातल्या बायका स्वागताची गाणी बसवत होत्या. सभाघरात बसून, चटईवर हात आपटत, ताल वाढत वाढत जातो आणि मग उठून नाच. संध्याकाळच्या प्रार्थनेचा लाकडी ढोल वाजला की नाच बंद, हा नियम. ढोलानंतर नाचेल त्याचं नाव वहीत, सहा महिने प्रभुभोजन नाही. हा नियम जुनाच होता, आधीच्या मास्तरने सैल सोडला होता. मी आल्या आल्या पहिल्याच महिन्यात परत घट्ट केला. मुठी आपटून केला. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

त्या शुक्रवारी ढोल वाजून गेला होता आणि गाणं थांबलं नव्हतं. मी रागाने निघालो. नारळीच्या रांगेपाशी पोचलो आणि हसणं ऐकू आलं. लुपेचं. मालाकी, ते तुमच्या घरी पहिल्यांदा ऐकलं होतं तेच, तू खांबाला डोकं आपटून घेतलं होतंस तेव्हाचं. पोट धरून, श्वास तुटेपर्यंत. दोन वर्षांत माझ्या घरात ते एकदाही नाही. मी बघितलं. केस सुटलेले, कपाळाला घाम, मधोमध नाचत होती, आणि बायका तिला चिडवत होत्या की मास्तरीणबाईंचे पाय प्रवचनापेक्षा बरे बोलतात.

मी आत गेलो नाही. घरी येऊन दिवा लावून बसलो. ती आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीचा झालेला होता. उंबऱ्यापाशी बदलला असणार.

शनिवारी काइतू वही घेऊन आला. काइतू म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी सगळ्यात जुना, मंडळीची वही तीस वर्षं त्याच्याकडे. नावं तो लिहितो, मी फक्त वाचतो, हे बेटावरच्या पोराटोरांना ठाऊक आहे. मी वही उघडली. सहा नावं.

विचारलं, सहाच होत्या?

काइतू म्हणाला, "माझे डोळे म्हातारे, मास्तर. मला सहाच दिसल्या."

मला कळलं. त्याला कळलं की मला कळलं. तो निघून गेला. आणि मी दौत ओढली आणि सातवं नाव लिहिलं.

झालं लिहून. आता तुलाही कळलं.

का लिहिलं ते मला विचारू नकोस. मी स्वतःला सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा, मास्तरचं घर सुटलं तर लोक काय म्हणतील. खोटं आहे. तिथे हसते आणि इथे नाही, एवढंच होतं. तिला कुठेतरी लागावं असं वाटत होतं. माझ्यामुळे लागावं.

रविवारी वाचलं. सातव्या नावाला आवाज फुटला, तो मात्र खरा फुटला. ज्याचं नाव येईल त्याने उठून मागे शेवटच्या चटईवर बसायचं असतं. लुपे उठली. सगळं देऊळ काइतूकडे बघत होतं. लुपेनेही जाता जाता त्याच्याकडे बघितलं. तो स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

मग मी प्रभुभोजनाची भाकरी हातात घेतली. काइतू उठला, हळूहळू पुढे आला, माझ्या हातातली भाकरी घेऊन ताटात ठेवली आणि वरून फडकं टाकलं. कानाशी म्हणाला, "आता नाही, मास्तर. ज्याची बायको शिक्षेच्या चटईवर बसली त्याने भाकरी मोडायची नसते. मिशनच्या मोठ्या साहेबांनी येऊन ठरवायचं."

मला हा नियम माहीत नव्हता. तिसऱ्या वर्षाला शिकवतात म्हणे. तुला माहीत असेल. मी दुसऱ्यातून उठून आलो होतो ना, बायको मिळवायला.

त्या दिवशी घरी येऊन मी रडलो. आणि आता ऐक, कारण सगळ्यात वाईट हे आहे. लुपे माझ्याजवळ बसली. माझं डोकं तिने मांडीवर घेतलं. म्हणाली, "तुझा आवाज फुटला ते मी ऐकलं. त्या म्हाताऱ्याने लिहून दिलं आणि तुला वाचावं लागलं. तुला थांबता आलं नाही. मला कळतं."

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि मी ते मिटलं.

तेव्हापासूनचे साडेसहा आठवडे, मालाकी, माझं लग्न झालंय असं मला वाटलं. ती मागे त्या सहा जणींबरोबर बसायला लागली, आणि त्यांची तिची मैत्री जमली. शिक्षा भोगणाऱ्या बाईपुढे कोणी चटया झटकत नाही. त्या आमच्या घरी येतात, पाय पसरून बसतात, विड्या ओढतात, मला हाक मारून नारळ फोडायला लावतात. तिने चिखलात उतरून अळूचा खड्डा खणला आणि कोणी हू की चू केलं नाही. संध्याकाळी ती मला लहानपणच्या गोष्टी सांगते. तुझ्या खूप असतात त्यात. माझ्या घरात आता हसणं ऐकू येतं. मी बाहेरच्या पायरीवर बसून ते ऐकतो आणि मला ते गिळवत नाही.

काइतूने दोनदा मासा पाठवला. तिने दोन्ही वेळा परत पाठवला.

मी त्याच्याकडे गेलो. तो होडीच्या फळीला काथ्या आवळत बसला होता. विचारलं, तुम्ही का बोलला नाहीत?

"उन्हात उभे राहू नका, इकडे या," तो म्हणाला. त्याने काथ्याला आणखी एक वेढा दिला. "बोलून काय करू? बाई पहिल्या बोटीने गेल्या असत्या. तुम्ही रडत रडत प्रवचन करणार आणि आम्ही ऐकत बसणार. आधीच तुमची प्रवचनं लांब."

मी म्हटलं मी खरं सांगतो सगळ्यांना.

"सांगा की. मी कुठे धरलंय तुम्हाला?" त्याने माझ्याकडे बघितलं. "पण माझ्यासाठी म्हणून सांगू नका. माझ्यासाठी कोणी काही केलं की मला त्याला अळू द्यावं लागतं, आणि यंदा अळू नाही."

मी हसलो आणि घरी आलो आणि सांगितलं नाही. जहाज यायला अजून महिना आहे म्हटलं. मग पंधरा दिवस आहेत म्हटलं.

सोमवारी जहाज आलं. मोठे साहेब उतरले, वही बघितली, दोघा-चौघांना विचारलं. बाकी सहा जणींनी आपापली चूक कबूल केली. लुपेनेही केली, नाचले म्हणाली, लपवलं नाही. पण ती साहेबांना असंही म्हणाली की त्या संध्याकाळी खुद्द काइतूच्या दोन सुनाही नाचत होत्या. त्यांची नावं वहीत नाहीत आणि माझं आहे, हे कसं? ही गोष्ट खरी आहे. म्हाताऱ्याने सुना वगळल्या होत्या, तसंच लुपेलाही वगळलं होतं. मन मऊ, दुसरं काही नाही. पण साहेबांना त्यात डूख दिसला. आपल्या सुना झाकल्या आणि परक्या मुलखातल्या मास्तरीणबाईचं नाव मुद्दाम लिहिलं. त्यांनी काइतूला विचारलं, तर तो म्हणाला वही माझ्याकडे असते, जे आहे ते माझं.

ठरलं ते असं. आज सकाळी सभाघरात सगळ्यांसमोर लुपेचं नाव खोडायचं आणि काइतूचं वडीलपद काढायचं. माझा भाकरी मोडायचा अधिकार परत. दुपारच्या भरतीला जहाज जाणार.

काइतूची बायको देवळाच्या कुंपणात पुरली आहे, मंडळीच्या वडिलांच्या आणि त्यांच्या बायकांच्या रांगेत. दर शनिवारी तो तिच्यावरचे पांढरे खडे धुऊन परत पसरतो. शेजारची जागा त्याची. पद काढलेल्या माणसाला कुंपणात जागा नाही, त्याला पलीकडच्या टोकाला, उकिरड्याच्या बाजूला पुरतात. हे मला काइतूने सांगितलं नाही. त्या सहा जणींपैकी एकीने काल आमच्याकडे बसून सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज खाली गेला.

आज पहाटे मी लुपेला म्हटलं, म्हाताऱ्याला माफ करावं का? साहेबांना सांगून बघू. ती वेणी घालत होती. म्हणाली, "त्याने आधी विचार करायला हवा होता." आणि वेणीची गाठ मारली.

मालाकी, ही लुपे नाही. तुला आठवतं, तुमच्या मळ्यात केळी चोरणाऱ्या पोराला तिने वर चार केळी दिली होती आणि तू तिच्यावर वैतागला होतास. वैतागलास पण आवाज चढवला नाहीस, तुमच्या घरात बहिणीपुढे आवाज चढवत नाहीत. ती बाई आज एका म्हाताऱ्याला त्याच्या बायकोपासून तोडायला निघाली आहे आणि तिला वाटतंय हा न्याय. तिला कठोर मी केलं. तिच्या मायेवर माझा हक्क नाही, ती मी काइतूच्या नावाने घेतली आहे. साडेसहा आठवडे घेतली. मला अजून हवी आहे. अजून सहा वर्षं दिली तरी पुरणार नाही, असा मी आहे.

मी गप्प बसलो तर संध्याकाळी ती याच घरात हसेल. बोललो तर बहुतेक दुपारच्या बोटीत बसेल. साहेब मलाही काढतील, आज नाही तर पुढच्या फेरीला. तो भाग मला सोपा वाटतो. मी त्यासाठी आलोच नव्हतो.

आत्ता तिने बाहेरून हाक मारली, "चल की, लोक जमले." मी म्हटलं, तू हो पुढे, दोन ओळी मालाकीला लिहितो. ती म्हणाली, "माझा सलाम लिही. आणि त्याला लिही की मी आता बरी आहे." लिहिलं. ती चटई काखेत मारून गेली. खिडकीतून दिसत होती तोवर मी बघितलं. या खेपेला तिला कळलं नाही, म्हणून घाम आला नसेल.

हे पत्र मी जाता जाता होडीवरच्या खलाशाकडे देतो आहे, म्हणजे नंतर फाडून टाकता येणार नाही. हे आणि लुपे एकाच जहाजाने आपिया बंदरात पोचतील, किंवा हे एकटंच पोचेल. तू वाचतोयस तोवर तुला कळलेलंच असेल. ती आली असेल तर पत्र बाजूला ठेव. समुद्राने तिचं पोट ढवळतं, आधी शहाळं दे. गाठोडं तिच्या हातातून घे. मी कसा आहे हे तिला विचारू नकोस, आणि मी काय केलं हेही नको, ती सांगेल तेव्हा सांगेल. आवाज चढवायचा तर माझ्यावर चढव, कागदावर चढव, मी इथे वाचेन.

ती आली नसेल, तर काय झालं ते मला आत्ता माहीत नाही आणि कल्पनाही करवत नाही.

ढोल वाजला. दौतीला बूच लावतो. सगळ्या बेटावर फळ्यांचं दार फक्त या घराला आहे, बाकीच्यांना झावळ्यांचे पडदे. आजवर ते मी कधी लावलं नाही, लुपेला बाहेरून येताना उघडं दिसावं म्हणून. आज लावून घेतो. उघडं राहिलं तर मी अर्ध्या वाटेवरून परत येईन, मला माझी खात्री नाही. उठलो. बाहेर आलो आहे, पायरीवर उभ्या उभ्या ही ओळ लिहितोय. दार ओढून घेतलं.

या घटकेपर्यंत तुझ्या बहिणीचा नवरा,
ओपेताया